टोकियोत एकच बाग बघायची तर: रिकुगिएन की हामारिक्यू?

अलिबाग, पेण, मुरूडकडची मंडळी हल्ली जपानला जाऊ लागली आहेत, तीही बहुतेक साकुराच्या, म्हणजे चेरीच्या बहराच्या, नाहीतर मेपल रंगण्याच्या दिवसांत. टूरमध्ये टोकियोत अर्धा दिवस मोकळा मिळतो आणि विचारणा होते: एवढ्या धावपळीच्या शहरात निवांत जपानी बाग बघायची तर कुठली? शेवटी दोन नावं उरतात, रिकुगिएन आणि हामारिक्यू. आईला घेऊन मी दोन्ही पाहिल्या आहेत. तिकीट दोन्हीकडे किरकोळ, तळ्याकाठी बसून माच्चा हा हिरवा चहा आणि सोबत गोडाचा घास दोन्हीकडे मिळतो. त्यावरून काही ठरत नाही.

बाग म्हणून रिकुगिएन सरस आहे, हे आधीच सांगतो. शोगुनच्या, म्हणजे तेव्हाच्या जपानच्या लष्करी राज्यकर्त्याच्या, मर्जीतला सरदार यानागिसावा योशियासू याने ती 1702 मध्ये पुरी केली. जुन्या कवितांतल्या जागा मनात धरून तिथे 88 दृश्यं बेतली होती, आणि मधलं तळं वाकानोउरा नावाच्या किनाऱ्यावर बेतलेलं. वाट वळली की मागचं झाकतं आणि पुढचं उघडतं. भोवतीची झाडं इतकी दाट की खाली तळ्याशी उभं राहिलं तर शहर जवळजवळ विसरायला होतं. हामारिक्यूत तसं होत नाही. लगतच्या शिओदोमे भागातले टॉवर अगदी डोक्यावर आल्यासारखे दिसतात, शेजारच्या उन्नत महामार्गाची घरघरही ऐकू येते. ज्याला शहर नजरेआडच हवं, त्याने इथेच वाचणं थांबवून खुशाल रिकुगिएनला जावं.

माझं मात्र तिथे एका गोष्टीवर अडलं. आम्ही गेलो तेव्हा मेपल ऐन रंगात होते. वाटा अरुंद आणि माणसांचा ओघ सलग. कोणी ढकलत नाही, आवाज करत नाही, पण रांग चालत राहते. टेकडीच्या पायऱ्यांवर आईला गुडघ्यासाठी जरा टेकायचं होतं. मागे लोक खोळंबलेले बघून ती संकोचली आणि तशीच चढत राहिली. वर पोचल्यावर तळ्याकडे धड न बघता तिने आधी विचारलं, उतरायचं कुठून? पावलोपावली थांबून बघावं म्हणूनच जिथे सगळं मांडलंय, तिथे थांबता येऊ नये, हे मला फार लागलं. एरवीच्या दिवसांत असं नसेलही. पण आपण जातो ते नेमके याच दिवसांत.

हामारिक्यू जवळजवळ तिप्पट मोठी, 25 हेक्टर. बहराच्या दिवसांत तिथेही माणसं असतात, पण ती पांगतात. एकेकाळी हे शोगुन घराण्याचं बदकांच्या शिकारीचं रान. आत 1709 साली लावलेला म्हणतात तो पाइन अजून उभा आहे, फांद्यांना टेकू दिलेला. पण आपल्याकडच्या माणसाने तिथे जावं ते तळ्यासाठी. ते खाऱ्या पाण्याचं आहे. टोकियोच्या खाडीचं पाणी भरती-ओहोटीप्रमाणे झडपा उघडून-मिटून आतबाहेर घेतात. खारेपाटातल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. आपली उघाडी, म्हणजे बांधातली झडप, खारं पाणी शेतात शिरू नये म्हणून, तिथे तेच तंत्र उलटं चालतं: समुद्र हवा तेवढा आत घ्यायचा आणि तळ्याची पातळी राखायची. आई लाकडी पुलावर बराच वेळ उभी होती. काठाच्या दगडांवर ओली रेघ पाण्याच्या वर उरली होती, तिच्याखाली चिकटलेल्या शिंपल्यांचा खडबडीत थर. “ओहोटी लागली बघ,” ती म्हणाली. मग बोय मासळी दिसते का, ते शोधत बसली. त्या तळ्यात बोय असते. कुणी तिला पुढे सरका म्हणालं नाही.

रिकुगिएनमधला किनारा कल्पनेने बघावा लागतो, आणि ती कल्पना सुंदर आहे. मला, आणि मला वाटतं समुद्राकाठी वाढलेल्या पुष्कळांना, हामारिक्यूचं पाणी जास्त जवळचं वाटेल. शक्यतो हट्ट करणार नाही. पण बरोबर वयस्कर माणूस असेल तर मी दुसरा विचारही करणार नाही.

जाण्याआधी टोकियोच्या खाडीची भरती-ओहोटीची वेळ बघून ठेवा आणि पाणी हलतं असेल तेव्हा पोचा. आपल्याएवढं पाणी तिथे चढत-उतरत नाही, तेव्हा उधाणाच्या आसपासचा दिवस मिळाला तर उत्तम. शिओदोमे स्टेशनवरून येत असाल तर मोठ्या ओतेमोन दरवाज्याऐवजी नाकानोगोमोनने आत शिरा, चालणं वाचतं.