भाव, लिलाव, नियम की कायदा? अमिरातीच्या हवामान धोरणातली चार साधनं

आखातात ऊर्जा, बांधकाम किंवा सल्लागार कंपन्यांत काम करणाऱ्या आपल्या मंडळींपुढे हा प्रश्न आता वरचेवर येतो: उत्सर्जन कमी करायचं तर सरकारने आधी कशाला हात घालावा? प्रबंधासाठी विषय निवडणाऱ्या विद्यार्थ्यालाही हाच पेच पडतो. मी संयुक्त अरब अमिरातीचं उदाहरण घेतोय, कारण चारही साधनं तिथे प्रत्यक्ष वापरात आहेत. 2050 पर्यंत नेट झीरो गाठू, म्हणजे जेवढं उत्सर्जन होईल तेवढं शोषूनही घेऊ, असं आखातात सर्वांत आधी जाहीर केलं तेही याच देशाने, ऑक्टोबर 2021 मध्ये.

आधी भाव. ऑगस्ट 2015 पासून अमिरातीने पेट्रोल-डिझेलचे दर जागतिक बाजाराशी जोडले. महिना संपत आला की पुढच्या महिन्याचा दर जाहीर होतो. आखातात हे पाऊल उचलणारा हा पहिला देश. तेव्हा तेलाचे भाव पडलेले होते, त्यामुळे अनुदान गेल्याचा चटका फारसा बसला नाही. कुणाला ही शिफारस करायची असेल तर ती वेळ साधूनच करावी.

विजेचं गणित मात्र अवघड आहे. दुबईत परदेशी रहिवाशांना चार स्लॅब लागतात: महिन्याला 2000 युनिटपर्यंत युनिटमागे 23 फिल्स (100 फिल्स म्हणजे एक दिरहॅम), मग 28, मग 32 आणि 6000 च्या वर 38. त्यावर इंधन अधिभार. बिलावर हिरवा, पिवळा, केशरी, लाल असे रंग दिसतात. अमिराती नागरिकांचे दर याहून बरेच कमी. महावितरणच्या बिलात शंभर युनिट ओलांडले की धास्तावणाऱ्या माणसाला 2000 चा पहिला टप्पा बघून नवल वाटेल, पण तिथल्या उकाड्यात एसी चैनीचा राहत नाही.

हे बिल एकदा हातात घेऊन नीट बघा. विजेच्या खाली पाणी, सांडपाणी आणि वर्षाच्या भाड्यावर 5 टक्के गृहनिर्माण शुल्काचा महिन्याचा हप्ता. घराचं भाडं वर्षाला 90,000 दिरहॅम असेल तर 375 दिरहॅम नुसते या शुल्काचे. एसी 22 वरून 25 वर नेऊन जे काही थोडे दिरहॅम वाचले, ते या बेरजेत शोधावे लागतात. घर ‘चिलर-फ्री’ असेल तर गारव्याचा खर्चच घरमालकाकडे, म्हणजे भाडेकरूपर्यंत भाव पोचतच नाही. इतर ठिकाणी बिल भाडेकरू भरतो, पण एसी कोणता, काचा कशा, भिंतीत उष्णतारोधन आहे की नाही, हे घरमालकाने केव्हाच ठरवलेलं असतं. म्हणून घरगुती विजेचा दर वाढवा आणि वापर आपोआप उतरेल, हा हिशेब मला पटत नाही. इंधनाच्या बाबतीत भाव उपयोगी पडतो, कारण गाडी घेणारा आणि पेट्रोल भरणारा बहुधा एकच असतो.

आता लिलाव, म्हणजे जी कंपनी सर्वांत कमी दरात वीज विकायला तयार होईल तिला प्रकल्प देणं. त्याचं यश डोळ्यांना दिसणारं आहे. दुबईच्या दक्षिणेकडच्या वाळवंटात मोहम्मद बिन रशीद अल मक्तूम सोलर पार्क टप्प्याटप्प्याने उभं राहिलं. 2013 मध्ये पहिला टप्पा जेमतेम 13 मेगावॅटचा होता. दुसऱ्याला एका युनिटचा दर 5.84 अमेरिकन सेंट मिळाला, तिसऱ्याला 2.99 आणि सहाव्याला 1.62. अबू धाबीतलं 2 गिगावॅटचं अल धफ्रा तर त्याहूनही स्वस्त. हे केवळ उन्हामुळे होत नाही, ऊन आपल्या सोलापूर-धुळ्यातही रग्गड आहे. जमीन सरकारची, वीज घेणारी संस्था सरकारी आणि पैसे वेळेवर देणारी, करार 25 वर्षांच्या आसपासचा, काही प्रकल्पांत सरकारी वीज संस्थेचं स्वतःचं भांडवलही. जोखीम एवढी उतरली की बँका स्वस्तात कर्ज देतात आणि प्रकल्प चालवणाऱ्याला कमी दर परवडतो. आपल्याकडे वितरण कंपन्यांची थकबाकी ऐकून मोठे झालेल्यांना यातलं मर्म लगेच कळेल.

अडचण रात्रीची. तिथे ऑगस्टमध्ये मध्यरात्रीही एसी बंद होत नाही. म्हणून चौथ्या टप्प्यात 262 मीटर उंचीचा मनोरा बांधून वितळलेल्या क्षारात उष्णता साठवली. जानेवारी 2025 मध्ये अबू धाबीने 5.2 गिगावॅट सौर आणि 19 गिगावॅट-तास बॅटरी जोडून चोवीस तास 1 गिगावॅट देण्याचा प्रकल्प जाहीर केला. तोपर्यंत रात्रीचा मोठा भार नैसर्गिक वायू आणि बराका अणुकेंद्र उचलतात. बराकाच्या चार अणुभट्ट्या मिळून 5600 मेगावॅट, देशाच्या विजेच्या जवळपास पाव हिस्सा. छपरावरच्या सौर पॅनेलसाठी दुबईत 2015 पासून नेट मीटरिंग आहे, म्हणजे जास्तीची वीज ग्रिडला देऊन ती बिलातून वजा करून घेता येते. व्हिला आणि गोदामांना ते सोयीचं, फ्लॅटमधल्या भाडेकरूला त्याचा काही उपयोग नाही.

नियमांकडे फारसं कुणी बघत नाही, आणि मला ते चुकतं आहे असं वाटतं. अबू धाबीने 2010 पासून नव्या इमारतींना ‘इस्तिदामा’ या हरित इमारतींच्या मानांकनाची किमान एक मोती श्रेणी सक्तीची केली, सरकारी इमारतींना दोन. दुबईने हरित इमारतींचे नियम 2014 मध्ये सगळ्या नव्या बांधकामांना लावले. एसीला कार्यक्षमतेची किमान पातळी आणि तारांकित लेबलही आहे. यात भाडेकरूला काही कळावं लागत नाही आणि घरमालकाला मोह पडायला जागा राहत नाही: काच, भिंत आणि यंत्रं नियमात बसली तरच नकाशा मंजूर. उणीव एवढीच की नियम नव्या बांधकामाला लागतो. देरा, बर दुबई, शारजाच्या जुन्या इमारतींच्या खिडक्यांतून टपटपणारे एसी त्याच्या कक्षेबाहेर राहतात.

चौथं साधन अगदी ताजं. 2024 चा संघीय कायदा क्रमांक 11 हा 30 मे 2025 पासून अमलात आला. कंपन्यांना उत्सर्जन मोजणं, नोंद ठेवणं, अहवाल देणं बंधनकारक झालं, आणि फ्री झोनमधल्या, म्हणजे वेगळे नियम असलेल्या व्यापारी क्षेत्रांतल्या, कंपन्यांनाही सूट नाही. दंड 50,000 ते 20 लाख दिरहॅम. हा कार्बन कर नव्हे, कारण उत्सर्जनावर टनामागे काहीच आकारलं जात नाही. पण मोजमाप नसताना कर लावता येत नाही आणि उत्सर्जनाच्या परवान्यांचा व्यापारही करता येत नाही. नोकरीच्या दृष्टीने विचाराल तर पुढची काही वर्षं सर्वांत जास्त माणसं इथेच लागतील.

चारही साधनं देशाच्या हद्दीतल्या धुरापुरती आहेत, हे अहवालात स्पष्ट लिहायला हवं. बोटीने निर्यात झालेलं तेल जिथे जळतं त्या देशाच्या खात्यात जातं, आणि अबू धाबीची राष्ट्रीय तेल कंपनी 2027 पर्यंत रोजची उत्पादनक्षमता 50 लाख पिंपांवर नेऊ पाहते आहे.

तेव्हा निवड अशी करा. प्रश्न वीजनिर्मितीचा असेल तर लिलाव, आणि सोबत साठवणूक मागायला विसरू नका. वाहतुकीचा असेल तर भाव. उद्योगांचा असेल तर 2024 चा कायदा. आणि एकच शिफारस करायची मुभा असेल तर मी जुन्या इमारतींच्या दुरुस्तीवर बोट ठेवीन. दुबईत सरकारी कंपनी ‘एतिहाद एस्को’ 2013 पासून हे काम करते: गुंतवणूकदार खर्च करून चिलर (इमारत गार ठेवणारी यंत्रं), दिवे, नियंत्रणं बदलतो आणि वाचलेल्या बिलातून आपले पैसे वळते करतो. 2030 पर्यंत 30,000 इमारतींचं उद्दिष्ट ठरलेलं आहे. यात घरमालकाला खिशात हात घालावा लागत नाही, भाडेकरूलाही घर सोडावं लागत नाही, आणि बर दुबईतला तो जुना एसीसुद्धा बदलता येतो.