ईडीआयमधल्या स्पेस: छाटायच्या की जपायच्या?

ईडीआय म्हणजे कंपन्यांमधली ऑर्डर, बिलं अशा कागदपत्रांची संगणकावरून होणारी देवाणघेवाण, आणि एक्स१२ हा तिच्या फाइलचा एक ठरलेला साचा. एक्स१२ फाइल एक्सएमएलमध्ये (माहिती नावाच्या खुणांमध्ये मांडणाऱ्या दुसऱ्या साच्यात) नेताना मी फील्डच्या, म्हणजे माहितीच्या एकेका रकान्याच्या, शेवटच्या स्पेस छाटण्याच्या बाजूचा आहे. आयएसए सेगमेंटमध्ये, म्हणजे फाइल कोणाची, कोणाला हे सांगणाऱ्या पहिल्या भागात, पाठवणाऱ्याचा आयडी १५ अक्षरांचाच लागतो. तो नऊ आकडी असेल तर मागे सहा स्पेस भरलेल्या असतात. त्या तशाच डेटाबेसात गेल्या, की दोन आयडी दिसायला सारखे, पण जुळत नाहीत. ऑर्डर अडकते आणि कारण शोधता शोधता नाकी नऊ येतात.

जपण्याचा पर्याय मूळ फाइल पुराव्यासाठी ठेवताना योग्य. तिथे एका अक्षरालाही हात लावू नये. पार्ट नंबरच्या मधली स्पेस तर कुठेच काढू नये, ती माहितीच असते.

छाटणाऱ्यांनी परतीचा प्रवास मात्र ध्यानात ठेवावा. एक्स१२ पुन्हा बनवताना त्या सहा स्पेस भराव्याच लागतात, कारण आयएसए सेगमेंट टर्मिनेटरसह (सेगमेंट संपल्याच्या खुणेसह) नेमका १०६ अक्षरांचा असतो.