ऑडॅसिटी : ‘नाही’ कापायला शिकवलं, म्हणून आवडलं

मी ठाण्यात, नौपाड्यातल्या एका मराठी शाळेत नववीला मराठी शिकवते. गेल्या जूनमध्ये वर्गाचा पॉडकास्ट सुरू केला आणि संगणक कक्षातल्या जुन्या मशीनवर ऑडॅसिटी हे आवाज रेकॉर्ड करायचं आणि कापायचं-जोडायचं सॉफ्टवेअर टाकून घेतलं. वर्षभर वापरल्यावर हे लिहिते आहे.

पहिल्या तासाला मी माझ्या आवाजात एकच वाक्य रेकॉर्ड केलं : ‘शुक्रवारी ठाण्यात पाणी बंद राहणार नाही.’ पाणी बंदचा निरोप सोसायटीच्या ग्रुपवर आला की आमच्याकडे घरोघरी पिंपं भरायला घेतात, त्यामुळे मुलांना तो विषय समजावून सांगावा लागला नाही. ऑडॅसिटीत आवाज निळ्या लाटांसारखा पडद्यावर उमटतो आणि दोन शब्दांमधली शांतता जवळजवळ सपाट रेघ दिसते. एका मुलाला म्हटलं, शेवटचा फुगवटा माउसने निवड आणि डिलीट दाब. मग ऐकवलं : ‘शुक्रवारी ठाण्यात पाणी बंद राहणार.’

वर्ग गप्प. मग मागच्या बाकावरून आवाज आला, ‘‘पण बाई, हे तर तुम्हीच बोललात!’’

मराठीत नकार बहुतेक वेळा वाक्याच्या शेवटी येतो. म्हणजे कापायला सगळ्यात सोपा शब्द ‘नाही’. इतकी वर्षं व्याकरण शिकवते, पण ही गोष्ट मला त्या पडद्यावर पहिल्यांदा दिसली.

‘फॉरवर्ड करण्याआधी तपासा’ हे मी आधीही सांगायचे आणि मुलं मान डोलवायची. स्वतःच्या हातांनी एक वाक्य उलटवल्यावर मात्र त्यांचे कान बदलले. एका मुलीने आईच्या ग्रुपवरचा व्हॉइस मेसेज आणला. त्यात ‘उद्यापासून’ होतं. तिचा प्रश्न होता, ‘‘कुठला उद्या?’’ मेसेज कधी रेकॉर्ड झाला, कोणी केला, आधीनंतर काय बोललं गेलं, यातलं काहीच त्यात नव्हतं. सरकारी योजनांबद्दलचे दावे आता मुलं पीआयबी फॅक्ट चेकवर शोधतात. पत्र सूचना कार्यालयाची ही तपासणी शाखा 2019 मध्ये सुरू झाली.

आमचा सगळ्यात चांगला भाग झाला तो 16 एप्रिल 1853 च्या बोरीबंदर ते ठाणे गाडीवरचा. 14 डबे, सुमारे 400 प्रवासी, 34 किलोमीटर, आणि साहिब, सिंध, सुलतान ही तीन इंजिनं. संहितेत मुलांनी ‘भारतातली पहिली रेल्वे’ असं लिहिलं होतं. नियम असा होता की प्रत्येक दाव्याला दोन स्रोत हवेत. शोधता शोधता कळलं की मद्रासजवळ रेड हिल्सला 1837 मध्येच दगड वाहणारी रेल्वे धावत होती. ठाण्याची गाडी पहिली ‘प्रवासी’ गाडी. एक शब्द घालायचा राहिला होता. मुलांना वाईट वाटलं, पण ते वाक्य त्यांनी पुन्हा रेकॉर्ड केलं.

आणि तिथे जोड ऐकू आली. आधीचं रेकॉर्डिंग पंखा बंद ठेवून केलेलं, नवं वाक्य पंखा चालू असताना. कुठे काय चिकटवलंय हे कानाला कळतं, हे मुलांना कळलं. नॉइज रिडक्शन वापरून पंखा कमी करता येतो : नुसत्या घरघरीचा तुकडा निवडून सॉफ्टवेअरला तो ‘शिकवायचा’, मग पूर्ण आवाजावर लावायचं. जास्त ताणलं तर माणूस हंड्यात तोंड घालून बोलल्यासारखा वाटतो. आम्ही तो भाग पंखा बंद करून परत घेतला.

ऑडॅसिटी फुकट आहे आणि मुक्त स्रोत. कार्नेगी मेलन विद्यापीठात डॉमिनिक मॅझोनी आणि रॉजर डॅनेनबर्ग यांनी ते सुरू केलं आणि 2000 पासून ते सगळ्यांसाठी खुलं आहे. विंडोज, मॅक, लिनक्स, तिन्हींवर चालतं. अधिकृत संकेतस्थळावरूनच उतरवून घ्या. फोनवर मात्र चालत नाही, आणि माझ्या बहुतेक मुलांच्या घरी फक्त फोनच आहे. ती फोनवर रेकॉर्ड करून फाइल आणतात. एम-फोर-ए प्रकारची आवाजाची फाइल विंडोजवर ऑडॅसिटीत उघडायला एफएफएमपेग नावाचं पूरक सॉफ्टवेअर वेगळं बसवावं लागतं. आमच्या संगणक सरांनी ते एका दुपारी करून दिलं. अजून एक : प्रोजेक्ट बंद केला की अनडू करून मागे जाता येत नाही. म्हणून मूळ रेकॉर्डिंगला हात लावायचा नाही, त्याची प्रत काढून कापायचं, हे मी पहिल्याच दिवशी फळ्यावर लिहिते.

माइकबद्दल थोडक्यात. गोखले रोडवरून स्वस्त कॉलर माइक आणला, त्याची पिन दोन महिन्यांत सैल झाली. चार पैसे जास्त घालून टेबलावरचा यूएसबी माइक घ्या, चार मुलं भोवती बसून बोलू शकतात.

वर्गाच्या पॉडकास्टला शेवटी श्रेयनामावली असते : संहिता, आवाज, तपासणी. दिवाळीनंतर मुलांनी आपणहून त्यात एक ओळ वाढवली. ज्यांची मुलाखत घेतली त्यांचं बोलणं कुठे कापलं आणि का, हे ती भागाच्या अखेरीस वाचून दाखवतात. तलावपाळीवरच्या भेळवाल्या काकांच्या मुलाखतीनंतर ती ओळ अशी होती : ‘काकांचं बोलणं दोन ठिकाणी कापलं आहे, कारण मध्येच गिऱ्हाईक आलं होतं. पूर्ण रेकॉर्डिंग संगणक कक्षात ऐकता येईल.’