सेफ्टी ट्रेनिंगचं पॅकेज, नऊ महिने वापरून: आणि तो पहारेकरी

हे पॅकेज घेतल्यावर तीन महिन्यांनी मी त्याबद्दल चार ओळी लिहिल्या होत्या, ‘घ्यायला हरकत नाही’ म्हणून. त्या मागे घेतो. सगळ्या नाही, निम्म्या.

कुपवाड एमआयडीसीत आमचं मशीन शॉप आहे. बत्तीस माणसं, सात लेथ, दोन रेडियल ड्रिल, एक म्हातारी पॉवर प्रेस. पंपाची कास्टिंग फौंड्रीतून येतात, आम्ही मशीनिंग करून देतो. गेल्या वर्षी पुण्याच्या गिऱ्हाइकाचा ऑडिटर आला आणि त्यानं ट्रेनिंगचं रेकॉर्ड मागितलं. मी हजेरीचं मस्टर पुढं केलं. तो हसलासुद्धा नाही. आठवड्याच्या आत मी पॅकेज मागवलं. १८,५०० अधिक १८ टक्के जीएसटी, म्हणजे २१,८३० रुपये. पेनड्राइव्हवर छत्तीस व्हिडिओ, चोवीस पोस्टर, एक छापील रजिस्टर, आणि परीक्षा घेऊन सर्टिफिकेट देणारं अ‍ॅप, एक वर्षाच्या लायसन्सवर.

विकणाऱ्यानं कायद्याची भीती घातली होती. ट्रेनिंग द्यायला लागतं हे खरंच आहे. १९४८ च्या कारखाने अधिनियमात (२०२५ च्या नोव्हेंबरात त्याची जागा नव्या संहितेनं घेतली) १९८७ च्या दुरुस्तीनं कलम १११-अ घातलं, त्यात सुरक्षिततेची माहिती आणि ट्रेनिंग मिळणं हा कामगाराचा हक्क म्हणून लिहिलं. पण ते २१,८३० ला विकत घ्या असं त्यात कुठंही नव्हतं. हे मला पैसे भरल्यावर सुचलं.

आता मुख्य दुखणं. पॅकेजवर ‘शुद्ध मराठीत’ असं ठळक छापलंय. पहिल्या शनिवारी दुपारी शिफ्ट बदलताना सगळ्यांना टीव्हीसमोर बसवलं. बाईंचा आवाज आला, ‘मशीन चालू करण्यापूर्वी पहारेकरी जागेवर आहे याची खात्री करा.’ सगळे एकमेकांकडे बघायला लागले. पुढं, ‘पहारेकरी सैल झाला असल्यास घट्ट करा.’ आणि मग, ‘पहारेकरी काढून ठेवून काम करू नका.’ आमचे गेटवरचे वॉचमन मामा चहाचा कप घेऊन मागंच उभे होते. एकूण एक माणूस वळून त्यांच्याकडे बघायला लागला. लेथ चालवणारे आमचे सगळ्यात जुने टर्नर आण्णा म्हणाले, ‘मालक, मामांना आत्ता घट्ट करू का चहा झाल्यावर?’ त्या दिवशीचं ट्रेनिंग तिथंच संपलं.

गार्ड! मशीनच्या फिरत्या भागात हात जाऊ नये म्हणून झाकण असतं, त्या गार्डला कुणीतरी पहारेकरी करून टाकलं होतं. आमच्याकडं त्याला गार्ड म्हणतात, फार तर जाळी. सांगली-मिरजेतल्या कुठल्याही वर्कशॉपमध्ये विचारा, हेच सांगतील. मी मोजलं. छत्तीस व्हिडिओंत पहारेकरी एक्केचाळीस वेळा येतो. रविवारी बसून मोजलं, घरच्यांनी नावं ठेवली तरी.

कंपनीला मेल केला. उत्तर फोनवर आलं, हिंदीत. ‘सर, ट्रान्सलेशन एक्सपर्ट ने किया है.’ मी म्हटलं, त्या एक्सपर्टला एकदा ग्राइंडरसमोर उभा करा. तक्रारीचा नंबर मिळाला. पंधरा दिवसांनी तक्रार ‘सोडवली’ म्हणून मेसेज आला आणि पहारेकरी जागच्या जागी. असे चार नंबर माझ्या डायरीत आहेत.

तरी पहिल्या तीन महिन्यांत मी चांगलं लिहिलं, कारण आगीचे व्हिडिओ खरंच बरे होते. आग विझवायच्या सिलिंडरची पिन काढायची, नळी आगीच्या बुडाशी धरायची, दांडा दाबायचा, डावीउजवीकडे फिरवायची, आणि विजेच्या आगीवर पाणी नाही. ते बघूनच आम्ही सिलिंडर भिंतीवरून काढले. त्यातल्या दोन सिलिंडरच्या रिफिलची मुदत कधीच संपलेली होती. तो खर्च वेगळा.

चौथ्या महिन्यात सुपरवायझरचा मोबाइल कूलंटच्या, म्हणजे मशीनिंग करताना थंडाव्यासाठी सोडतात त्या पाण्याच्या, टाकीत पडला. अ‍ॅप त्या एकाच मोबाइलला बांधलेलं. दुसऱ्या मोबाइलवर चालू करायचे १,५०० रुपये आणि जीएसटी मागितला! मोबाइल आमचा, टाकी आमची, डेटा आमच्या माणसांचा, आणि पैसेही आमचेच. अठरा दिवस भांडलो. दिले नाहीत. अ‍ॅप त्या दिवसापासून बंद आहे आणि खरं सांगायचं तर कुणाला त्याची आठवणही आली नाही. सर्टिफिकेटवर निम्म्यांची आडनावं चुकलेलीच होती.

त्या रागाच्या भरात मी फुकटचं शोधायला लागलो, आणि इथं माझं मत बदललं. पॅकेजबद्दल नाही, माझ्याबद्दल. हे सगळं आधी शोधायला हवं होतं.

पहिला सापडला नापो. युरोपियन संस्थांनी काढलेल्या छोट्या कार्टून फिल्म आहेत, फुकट उतरवता येतात, आणि महत्त्वाचं म्हणजे त्यात एकही शब्द नाही. नुसते आवाज आणि हावभाव. आमच्याकडे जतचे आहेत, कवठेमहांकाळचे आहेत, बिहारचे पाच आहेत, ओडिशाचे दोन. भाषेचा प्रश्नच मिटला. ओडिशाचा पोरगा, जो एरवी मान हलवण्यापलीकडे काही बोलत नाही, तो पोट धरून हसला आणि मग आपल्या प्रेसकडे बोट दाखवून काहीतरी सांगायला लागला. प्रेसच्या पॅडलला कव्हर नव्हतं. पाय चुकून पडला तर प्रेस खाली येणार. वर्षभर मी तिथून रोज जात होतो.

मग अमेरिकेच्या ओशाच्या, म्हणजे कामगारांची सुरक्षा बघणाऱ्या तिथल्या सरकारी खात्याच्या, वेबसाइटवर गेलो. त्यांच्या पुस्तिका सरकारी असल्यामुळे छापून वाटल्या तरी कुणी लायसन्स मागत नाही. इंग्रजीत आहेत, पण चित्रं आहेत. बेंच ग्राइंडरचं पान मी छापून घेतलं. त्यात लिहिलंय, टूल रेस्ट (जॉब टेकवायचा आधार) आणि फिरत्या दगडामधली फट १/८ इंचापेक्षा जास्त नको, म्हणजे साधारण ३ मिमी. दगडाच्या वरच्या बाजूला जी पत्र्याची जीभ असते तिची फट १/४ इंच, म्हणजे ६ मिमीच्या आसपास. आमच्या ग्राइंडरवर पट्टी धरली तर रेस्टची फट ९ मिमी! दगड झिजत गेला, रेस्ट कुणी पुढं सरकवलाच नाही. एवढ्या फटीत जॉब अडकला तर दगड फुटू शकतो. २१,८३० च्या छत्तीस व्हिडिओंत या फटीचा उल्लेख नाही. पहारेकरी मात्र एक्केचाळीस.

त्याच पानावर नवा दगड बसवण्याआधी वाजवून बघायला सांगितलंय. लाकडी मुठीनं हलकं ठोकायचं, खणखणीत आवाज आला तर ठीक, भद्द आला तर आत चीर आहे, बसवायचा नाही. आण्णांना हे सांगितलं तर म्हणाले, ‘माठ घेताना बघतो तसं?’ अगदी तसंच. दुकानातून आणलेल्या चारपैकी एक भद्द वाजला. परत केला, पैसे घेतले.

आयएलओची, म्हणजे आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेची, १३२ मुद्द्यांची एर्गोनॉमिक्सची (काम शरीराला सोयीचं कसं करायचं याची) पुस्तिकाही फुकट मिळते. त्यातले चारपाच मुद्देच केले, पण कास्टिंग जमिनीवरून उचलण्याऐवजी कमरेच्या उंचीच्या रॅकवर ठेवल्यामुळे कंबरदुखीच्या सुट्ट्या कमी झाल्या असं मला वाटतंय. मोजलेलं नाही. मुंबईत सायनला केंद्रीय श्रम संस्था आहे, तिथं जायचं राहिलंय. राष्ट्रीय सुरक्षा परिषद ज्या दिवशी स्थापन झाली, ४ मार्च १९६६, तो राष्ट्रीय सुरक्षा दिवस. यंदा त्या दिवशी आम्ही शपथ वगैरे घेण्यापेक्षा प्रत्येकानं आपल्या मशीनचा मोबाइलवर फोटो काढून, कुठं हात जाऊ शकतो तिथं लाल गोल करायचा असं ठरवलं. बत्तीस फोटो कलर प्रिंट करून मशीनवर चिकटवले. सगळा मिळून खर्च ७४० रुपये.

आता पॅकेजच्या बाजूनं. रजिस्टर उत्तम आहे. माझ्या मागे न घेतलेल्या निम्म्या ओळी त्या याच. जाड कागद, शिवलेली बांधणी, रोज पाच मिनिटांच्या बोलण्याला एक पान, विषय, हजर कोण, सही किंवा अंगठा, आणि खाली ‘कामगारानं काय सुचवलं’ असा रकाना. तो रकाना ज्यानं टाकला त्याला माझा नमस्कार. प्रेसच्या पॅडलचं कव्हर त्यात लिहिलं गेलं म्हणूनच झालं. पुण्याचा ऑडिटर परत आला तेव्हा त्यानं व्हिडिओ विचारलेच नाहीत, रजिस्टर अर्धा तास वाचत बसला. पोस्टरही टिकलेत, कूलंटचे शिंतोडे पुसले की निघतात.

रजिस्टर एकटं विकतात का विचारलं. नाही म्हणाले. मग मिरजेत छापखान्यात दिलं, तशीच बांधणी, तोच रकाना, नगाला १९० रुपये. वर्षाला दोन पुरतात. रिन्यूअलचे ६,५०० मागतायत. हिशोब तुम्हीच करा.

एक मात्र लिहायला हवं, नाहीतर खोटं होईल. त्या पहिल्या शनिवारपासून आमच्या शॉपमध्ये गार्डला कुणी गार्ड म्हणत नाही. ‘पहारेकरी लाव’, ‘पहारेकरी कुठाय रे’ हेच चालतं. आण्णांनी ग्राइंडरच्या कव्हरला पिवळा रंग मारून त्यावर मिशा काढल्यात. वॉचमन मामा येताजाता त्याला सलाम ठोकतात. आधी महिन्यातून दोनतीनदा तरी काढून ठेवलेला गार्ड कोपऱ्यात सापडायचा. नऊ महिन्यांत एकदाही सापडला नाही.

परवा कंपनीचा फोन आला. ‘सर, आपकी कंप्लेंट सॉल्व हो गई.’ खरंच झाली होती. नवी फाइल आली, त्यात एक्केचाळीसच्या एक्केचाळीस ठिकाणी ‘संरक्षक आवरण’. शनिवारी लावली. जतचा नवा हेल्पर शेजारच्याला विचारत होता, ‘संरक्षक आवरण म्हंजे रं?’

‘आरं, पहारेकरी.’