शेव एक नंबर, पण साईटवर लॉगिन करू नका

आधी मालाचं सांगून टाकतो कारण बरेच लोक तेवढंच वाचायला आले असतील. लौंग शेव एक नंबर, लवंगेचा झटका जरा मागून येतो, हाताला तेल लागत नाही, पुण्याला आत्याकडे पाठवली ती चुरा न होता पोचली, सोबत जिरावणाची (वरून भुरभुरायच्या मसाल्याची) पुडी. रतलामी ठीकठाक, त्यासाठी मुद्दाम मागवू नका. आपल्या इंदूरचंच दुकान आहे, मालक काका मराठी, नाव लिहीत नाही कारण पुढची सगळी किरकिर त्यांच्या साईटची आहे आणि माणूस खरंच चांगला आहे.

मी स्वतः वेब डेव्हलपर, त्यामुळे शेव मागवताना पण डोकं तिकडेच जातं, काय करणार.

तर लॉगिन न करता साईट उघडली की सगळं झकास. भाव दिसतो, पाव-अर्धा-एक किलोचे ऑप्शन दिसतात, पिनकोड टाकला की पार्सल जाईल की नाही ते लगेच कळतं, आणि मध्येच ‘आधी मोबाईल नंबर टाका’ म्हणत छाताडावर बसणारा पॉपअप नाही. विशलिस्ट, जुन्या ऑर्डरी, पॉइंट्स असलं जे खात्याशिवाय कामाचंच नाही ते गेस्टला, म्हणजे लॉगिन न केलेल्याला, दाखवतच नाहीत, राखाडी करून लटकवून पण ठेवलेलं नाही. पार्सल कुठवर पोचलं बघायला ऑर्डर नंबर आणि मोबाईल पुरतो. एवढं साधं मोठमोठ्या ॲपवाल्यांना जमत नाही यार, तिथे भाव बघायला पण खातं उघडा.

आता लॉगिन करा आणि बघा मजा. ओटीपी पटकन येतो, तिथे तक्रार नाही. पण कुठलंही पान उघडलं की वर उजव्या कोपऱ्यात आधी ‘लॉगिन’ येतं, मग सेकंदभराने ते जाऊन तुमचं नाव येतं आणि ज्या जागी ‘लॉगिन’ होतं बरोब्बर त्याच जागी ‘लॉगआऊट’. घरच्या वायफायवर नुसतं लुकलुकल्यासारखं वाटतं. पण रात्री सराफ्याच्या खाऊगल्लीत उभं राहून, गर्दीत नेट रांगतंय, अशा वेळी माणूस म्हणतो अरे हे परत लॉगिन मागतंय वाटतं, बोट टेकवतो, नेमकं तेवढ्यात बटण बदलतं आणि तुम्ही बाहेर. आता खरंच लॉगिन करा, परत ओटीपी.

कारण तसं साधं आहे. पान सगळ्यांना एकच जातं, कॅशमधून (म्हणजे आधीच तयार करून ठेवलेली प्रत), म्हणून तर ते झटकन उघडतं, मग मागून जावास्क्रिप्ट, म्हणजे ब्राउझरमध्ये चालणारा कोड, सर्व्हरला विचारते की हा बाबा कोण, आणि उत्तर येईस्तोवर कोड धरून चालतो की कोणीच नाही. लॉगिन आहे, लॉगिन नाही आणि अजून माहीतच नाही, अशा तीन अवस्था असतात, ह्यांनी दोनच धरल्या. माहीत नसेल तर ती जागा कोरी ठेवा, करडी पट्टी ठेवा, काहीही करा, पण लॉगिन असलेल्याला ‘लॉगिन करा’ म्हणू नका. लॉगिन सांभाळणारी फायरबेससारखी तयार सर्व्हिस घेतली तरी पान उघडल्या उघडल्या युजर नलच (म्हणजे कोणीच नाही) मिळू शकतो, ऑथ स्टेटचा पहिला कॉलबॅक, म्हणजे लॉगिन आहे की नाही याचं तिचं उत्तर, आल्यावर पक्कं कळतं, तोवर दम धरायचा असतो. नाहीतर कुकी (ब्राउझरने जपलेली लॉगिनची खूण) बघून सर्व्हरवरच हेडर (पानाची वरची पट्टी) तयार करून पाठवा, लुकलुक संपली, फक्त मग ते पान सगळ्यांच्या कॅशमध्ये टाकायचं नाही हे लक्षात ठेवा. २०१५ च्या नाताळात स्टीम या गेम विकणाऱ्या साईटवर तेच झालं होतं, कॅशिंगच्या घोळात लोकांना भलत्याच माणसाच्या खात्याची पानं दिसायला लागली, स्टीमच्या मालक कंपनीने, व्हॉल्व्हने, नंतर आकडा दिला तो साधारण ३४ हजार युजरचा.

टोपलीचं अजून वेगळंच. गेस्ट म्हणून सगळं भरलं आणि मग लॉगिन केलं तर भरलेलं गायब, त्या जागी खात्यात राखीपासून पडून असलेला सोनपापडीचा डबा. दोन्ही टोपल्या एकत्र करायला हव्यात ना? आणि पेमेंटच्या पानावरून लॉगिनला पाठवलं तर परत तिथेच आणून सोडा की, हे होमपेजवर नेऊन सोडतात.

खरा घोळ मात्र होलसेलचा. दुकानदार लोक लॉगिन करतात त्यांना किलोमागे वेगळा भाव दिसतो, आपल्याला दिसत नाही. म्हणजे स्क्रीनवर दिसत नाही, राइट क्लिक करून इन्स्पेक्ट केलं, म्हणजे पानाचा कोड उघडला, तर भाव तिथेच बसलेला, त्याला नुसतं डिस्प्ले नन (दाखवू नको) लावलेलं. पडदा ओढून घेतला आणि दार सताड उघडं. व्ह्यू या जावास्क्रिप्ट फ्रेमवर्कमध्ये काम करणाऱ्यांना माहीत असेल, व्ही-शो नुसतं लपवतं, व्ही-इफ डॉममधून (पानाच्या रचनेतून) काढूनच टाकतं, पण एपीआयच्या, म्हणजे सर्व्हरकडून माहिती मागायच्या वाटेच्या, उत्तरात भाव येतच असेल तर व्ही-इफ लावा नाहीतर काही लावा, ब्राउझरच्या नेटवर्क टॅबमध्ये तो दिसणारच. तो भाव सर्व्हरवरून निघायलाच नको, लॉगिन नसेल तर ४०१, लॉगिन आहे पण हक्क नाही तर ४०३, असा नकाराचा कोड सर्व्हरने द्यायचा, विषय संपला. वेब सुरक्षेवर काम करणाऱ्या ओवॅस्प संस्थेच्या २०२१ च्या धोक्यांच्या यादीत ब्रोकन ॲक्सेस कंट्रोल, म्हणजे हक्क नसलेल्याला नको ते मिळणं, उगाच पहिल्या नंबरवर नाही आलं, २०१७ मध्ये ते पाचवं होतं.

काकांना सांगितलं तर हसले. ‘अरे बाबा, शेव घ्यायला आलेला माणूस ते कोड कशाला उघडून बघेल?’ मी म्हटलं काका, समोरच्या नमकीनवाल्याचा मुलगा इंजिनियर आहे ना? हसू गेलं, तिथल्या तिथे भाच्याला फोन, साईट त्यानेच बनवलीय. त्याला फोनवरच अजून एक सांगून टाकलं, लॉगआऊट करून ब्राउझरचं बॅक दाबलं की मागच्या पानावरचा घरचा पत्ता तसाच दिसतो. घरात एकच कॉम्प्युटर असेल तर ठीक, ऑफिसातून मागवणाऱ्यांनी जपून.

बाकी ऑर्डर बिनधास्त करा, गेस्ट म्हणूनच करा, यूपीआयने पैसे द्या आणि ऑर्डर नंबरचा स्क्रीनशॉट काढून ठेवा, कारण गेस्टला जुन्या ऑर्डरींची लिस्ट मिळत नाही. परवा परत तपासलं, होलसेलचे भाव सोर्समधून गेलेत, एपीआयमधून पण गेलेत, भाच्याने काम नीट केलंय. लॉगआऊटचं बटण मात्र अजून तिथेच आहे, ‘दिवाळीची गर्दी संपू दे मग बघतो’ म्हणाला.