काळा रंग मारण्याआधी खाली वाकून बघा: पिकअपच्या क्रॉस मेंबरमध्ये झालेली फसवणूक

माझ्याकडे महिंद्राची जुनी पिकअप आहे. जीपच्याच चासीवर बांधलेली, पुजो इंजिनची. 1979 साली महिंद्रानं पुजोशी करार करून जे डिझेल इंजिन इथं बनवायला घेतलं, तेच. इंजिन अजून ठणठणीत, पण चार गिअरचा बॉक्स पार खलास झाला होता. दुसऱ्याचे दात गेलेले, तिसरा आपोआप सुटायचा. म्हणून बोलेरोचा पाच गिअरचा बॉक्स बसवायचं ठरलं.

काम सांगलीतल्या एका गॅरेजवाल्यानं घेतलं. तक्रार चालू आहे, त्यामुळे नाव देत नाही. पण जुनी गाडी हौसेनं करून घेणाऱ्यांना त्याची पद्धत कळायला हवी.

गिअरबॉक्सचं शेपूट ज्या आडव्या पट्ट्यावर रबर ठेवून बसवतात तो क्रॉस मेंबर. नवा बॉक्स लांब असला की रबराची जागा मागं सरकते आणि जुना पट्टा तिथं पोहोचत नाही. मग एक तर नवा पट्टा बनवायचा, नाहीतर चासीला नवी भोकं पाडून जुनाच मागं घ्यायचा. गॅरेजवाला म्हणाला, "मालक, जुन्याला हात बी लावत नाही. 4 एमएमच्या प्लेटचा नवा बनवतो, 8.8 चे हायटेन्साइल बोल्ट टाकतो. जुना तुमचा तुम्ही घरी न्या." 8.8 हा बोल्टच्या ताकदीचा आकडा, तो डोक्यावर उठवलेला असतो. ऐकायला सगळं बरोबर होतं, आणि हे शब्द त्यानं व्हॉट्सॲपवर बोलून पाठवले होते. क्रॉस मेंबरचे साडेआठ हजार, प्रोपेलर शाफ्ट, म्हणजे गिअरबॉक्सपासून मागच्या चाकांकडं फिरकी नेणारा लांब दांडा, कापून बॅलन्स करायचे वेगळे.

गाडी मिळाली तेव्हा खालून सगळं काळंकुळकुळीत. जुना पट्टा मागितला तर म्हणे पोरानं चुकून भंगारात घातला.

पन्नासच्या पुढं गेलं की गाडी घुमायला लागायची, गिअरचा दांडा हातात थरथरायचा. त्यावर त्याची उत्तरं तयार होती. आधी "बॉक्स बसायला हजार किलोमीटर लागत्यात." मग "टायर बॅलन्सिंग करून घ्या." मग "रस्ता खराब हाय." दर वेळी दोष गाडीचा, रस्त्याचा, माझ्या चालवण्याचा. तासगावहून द्राक्षाचे क्रेट भरून येताना बॉक्सच्या मागच्या सीलातून ऑइल गळायला लागलं. तेव्हा गाडी त्याच्याकडं न नेता कुपवाड एमआयडीसीत एका वयस्कर फिटरकडं, अण्णांकडं नेली.

अण्णांनी गाडी रॅम्पवर घेतली आणि पहिलं वाक्य बोलले, "दादा, हा पट्टा बोल्टवर नाही. चासीला वेल्डिंग केलाय."

बोल्ट होते, पण नुसते शोभेला. डोक्यावर 8.8 सोडा, कसलाच आकडा नव्हता. पट्टा बोल्टवर ठेवण्याचं कारण साधं आहे: क्लच प्लेट बदलायची तर बॉक्स खाली घ्यावा लागतो, म्हणजे पट्टा सुटायला हवा. आता प्रत्येक क्लचला गॅस कटर. शिवाय दरवर्षी पासिंगला जाणाऱ्या गाडीच्या चासीवर असं वेल्डिंग कुणाला दाखवणार? वेल्डिंग का केलं ते थोड्या वेळानं कळलं. पट्टा सुटला असता तर त्याचं बिंगही सुटलं असतं.

अण्णांनी स्क्रू ड्रायव्हरनं काळा थर खरवडला. खालून पुट्टीची खपली निघाली, तळहाताएवढी. पुट्टीखाली सांधा. त्यावर वेल्डिंगचे थेंब, जोंधळ्याचे दाणे चिकटवावेत तसे सुटे सुटे. मधला तुकडा पातळ पाइपचा, 2 एमएमचाही नसेल. आणि दोन्ही टोकं? डाव्या टोकाला एक चेपलेली खूण होती. उसाच्या फडात दगडावर घासून पडलेली, माझ्या ओळखीची. म्हणजे भंगारात गेलेला माझाच पट्टा त्यानं मधून कापून, पाइप घालून, पुट्टी भरून मला नवा म्हणून विकला होता. माझ्याच लोखंडाचे साडेआठ हजार.

शाफ्टचं तेच. कापून वेल्ड केलेला होता, पण दोन्ही टोकांचे योक, म्हणजे सांधा बसतो ते दुबेळके, एका रेषेत नव्हते. एका बाजूची भोकं आडवी धरली तर दुसरीकडची तिरकी. असा शाफ्ट बॅलन्सिंग मशिनवर चढवला तरी गाडी थरथरणारच. आणि मशिनवर चढल्याची खूणही कुठं नव्हती, वजनाची एक पट्टी चिकटवलेली नाही. त्यात मधला पाइप वाकल्यानं बॉक्सचं शेपूट खाली बसलेलं. बॉक्स मागं जितका उतरता असेल तितकंच डिफरन्शिअलच्या पिनियनचं, म्हणजे मागच्या अॅक्सलवर शाफ्ट जिथं जोडतो त्याचं, तोंड वर हवं, म्हणजे दोन्ही अक्ष समांतर राहतात. अण्णांनी मोबाइल दोन्हीकडं टेकवून अंश दाखवले. फरक नुसत्या डोळ्यांनाही दिसत होता.

तुम्ही असलं काम देणार असाल तर रंग मारण्याआधी पट्टा नागडा बघायला मागा, गाडीवर चढवण्याआधी. फोटो काढून ठेवा. जुना भाग त्याच दिवशी ताब्यात घ्या. "भंगारात गेला" हे वाक्य ऐकलं की बाकीचे पैसे थांबवा. चासीला भोक उभ्या बाजूला पाडायला सांगा, वरच्या-खालच्या पट्टीला नको. बॅलन्सिंग केलं म्हणणाऱ्याकडं मशिनवाल्याची पावती मागा.

अण्णांनी वेल्डिंग कापलं, चासी साफ केली आणि खरोखरच्या प्लेटचा पट्टा बनवला. जिथं बोल्ट पोकळ भागातून जातो तिथं आत नळीचा तुकडा घातला, आवळताना पत्रा चेपू नये म्हणून. शाफ्टला नवी नळी टाकली. थरथर गेली.

पक्कं बिल त्यानं दिलंच नव्हतं. पण पैसे यूपीआयनं गेलेले, तो आवाजी मेसेज, आणि कापलेला पट्टा आहे. 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर आधी नोंद केली. जिल्हा ग्राहक आयोगात 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही, मुदत दोन वर्षांची असते. नोटीस पोहोचल्यावर त्याचा फोन आला. अर्धे पैसे देतो, पण तक्रार नाही असं लिहून द्या, म्हणाला. मी लिहून दिलेलं नाही.