ग्रामसभेला चार वर्षं बसल्यावर लिहितेय, जरा मोठा रिव्ह्यू आहे

गेली चार वर्षं मी आमच्या गावच्या ग्रामसभेला जातेय. दोन चुकल्या तेवढ्याच, एकदा पोरगं आजारी होतं आणि एकदा सोयाबीनची काढणी आली, बाकी सगळ्या सभांना बसलेय, तेही शेवटपर्यंत. गावाचं नाव घालत नाही, कुणाची बदनामी करायची नाहीये, पण बघितलं ते सगळं लिहिते.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, गावच्या मतदार यादीत नाव असलं की झालात तुम्ही ग्रामसभेचे सदस्य, फॉर्म नाही की फी नाही. वर्षाला किमान चार सभा घ्यायलाच लागतात, आमच्याकडं २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर ठरलेल्या आहेत. सबळ कारण नसताना सभा घेतली नाही तर सरपंचाचं पद जाऊ शकतं. कोरम म्हणजे सभा चालायला लागणारी किमान हजेरी, मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० माणसं, दोन्हीतलं कमी असेल ते. आमचं गाव १९०० मतदारांचं, म्हणजे १०० लागतात, आणि पहिली अडचण तिथंच आहे. झेंड्याला अडीचशे माणूस असतं, पोरांची भाषणं होतात, जिलेबी वाटून झाली की पटांगण निम्मं रिकामं. मग सभा तहकूब, आणि तहकूब सभेला परत कोरम लागत नाही त्यामुळं पंचवीस-तीस माणसांत अख्ख्या गावाच्या पैशाचे ठराव होऊन जातात. याचा मला फार राग येतो, आणि तो सरपंचांपेक्षा जास्त आपल्या सगळ्यांवर येतो.

पहिल्या वर्षीचा अनुभव खराब होता. मी आमच्या वस्तीवर रात्री उजेड नाही, पोरी क्लासवरून अंधारात येतात, पाच ठिकाणी दिवे पाहिजेत असं माईकवर बोलले. बोलताना हात थरथरत होता पण बोलले. सगळे हो म्हणाले, भाऊसाहेब पण घेतो म्हणाले (आमच्याकडं ग्रामसेवकाला भाऊसाहेबच म्हणतात, आता पदाचं नाव ग्रामपंचायत अधिकारी झालंय तरी). मी खुशीत घरी आले. तीन महिने काहीच हललं नाही म्हणून माहिती अधिकारात अर्ज टाकून त्या सभेच्या प्रोसिडिंगची (इतिवृत्ताची) नक्कल काढली, तर दिव्यांचा विषयच नाही! वर एक ठराव होता सभामंडपाच्या कामाचा, जो त्या दिवशी कुणी उच्चारलाही नव्हता, आणि खाली सह्यांमध्ये माझी सही. कारण सही येतानाच घेतात, रजिस्टर दारातच ठेवलेलं असतं, आणि ठराव मागनं सावकाश लिहिला जातो. त्या रात्री मला झोप लागली नाही. सही माझी, ठराव दुसऱ्याचाच.

तेव्हापासून मी एकच गोष्ट धरलीय, आणि हा रिव्ह्यू लिहायचं खरं कारण तेच आहे. सभा संपताना उठायचं नाही. भाऊसाहेबांना म्हणायचं की आज झालेले ठराव वाचून दाखवा, सूचक कोण अनुमोदक कोण तेही वाचा, आणि मगच आम्ही उठतो. पहिल्यांदा म्हणाले की ऑफिसात जाऊन लिहितो, वेळ लागतो. आम्ही बचत गटाच्या अकराजणी म्हणालो लागू दे वेळ, आम्ही बसलोय. पाऊण तास गेला पण लिहून वाचलं. आता सरपंचताई स्वतःच म्हणतात की वाचून घ्या आधी.

यातलं चांगलं सांगायचं तर महिला सभा. मुख्य ग्रामसभेच्या आधी बायकांची वेगळी सभा घ्यावी लागते, आमच्याकडं आदल्या दिवशी दुपारी शाळेच्या वर्गात होते. खरं बोलणं तिथं होतं. गेल्या वर्षी १४ ऑगस्टला आमच्या वस्तीवरच्या एक आजी उठल्या, सत्तरीच्या पुढच्या, कधी सभेला न आलेल्या. पदर डोक्यावर नीट घेतला आणि म्हणाल्या, "ताई, आमच्याकडं नळाला पाणी रात्री दोनला येतं. मी एकटी हाय. उठून हंडा कोन भरनार? अंधारात पडले तर सकाळपातूर कुनाला कळायचं बी नाय." वर्ग एकदम गप्प झाला. सरपंचताईंनी वहीत लिहून घेतलं, आणि दुसऱ्या दिवशी मुख्य सभेत आधी तोच विषय घेतला. एका आळीची मागणी होती देवळापुढं काँक्रीट करा. तेव्हा भाऊसाहेबांनी माईकवर नीट समजावलं की पंधराव्या वित्त आयोगातले, म्हणजे केंद्राकडून ग्रामपंचायतीला येणारे, ६० टक्के पैसे बंधित असतात, ते पाणी आणि स्वच्छतेलाच वापरायचे, काँक्रीटला त्यातून मिळणार नाही, उरलेल्या ४० टक्क्यांत बसतंय का बघू. एवढी साधी गोष्ट माझ्यासकट निम्म्या गावाला माहीत नव्हती. बंधितमधून वस्तीला वेगळा व्हॉल्व्ह बसवायचा ठराव झाला, सूचक म्हणून आजींचं नाव. दिवाळीच्या आधी बसला. आता दिवसाआड सकाळी सहाला पाणी येतं.

वाईट म्हणजे नोटीस. नियमानं सात दिवस आधी दवंडी, फळा सगळं पाहिजे. आमच्याकडं एकदा आदल्या रात्री व्हॉट्सअॅप ग्रुपवर मेसेज पडला आणि ज्यांच्याकडं साधा फोन आहे त्यांना कळलंच नाही. अजून एक, ताई खुर्चीत असल्या तरी काही प्रश्नांना उत्तर त्यांच्या घरची माणसं द्यायची. आम्ही दरवेळी "ताई, तुम्ही सांगा" म्हणत गेलो, आता त्याच बोलतात, आणि छान बोलतात. घरकुलाच्या यादीवर भांडणं होतात, आवाज चढतो, म्हाताऱ्या माणसांना ते बघून परत यावंसं वाटत नाही. यावर अजून उपाय सापडलेला नाही.

काहीजण म्हणतात ग्रामसभेनं होतंय काय. त्यांना मी गडचिरोलीतलं मेंढा लेखा सांगते, "दिल्ली मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार" म्हणणारं गाव, जंगलावरचा सामूहिक हक्क मिळवला आणि २०११ मध्ये स्वतःचा बांबू स्वतः विकायची परवानगी ग्रामसभेच्या हातात आली. आणि आपल्या शिरोळ तालुक्यातलं हेरवाड, मे २०२२ मध्ये ग्रामसभेत ठराव केला की नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत. त्याच महिन्यात सरकारनं परिपत्रक काढून बाकीच्या गावांनाही तसं करायला सांगितलं. तिथली माणसंही आपल्यासारखी सतरंजीवरच बसली असतील ना. माझी नणंद पुण्यात असते, तिथं मार्च २०२२ पासून तीन वर्षांच्या वर नगरसेवकच नव्हते, प्रशासक. ती म्हणायची, "वहिनी, तुम्ही निदान सरपंचाला समोर बसवून विचारू शकता, आम्ही कुणाला विचारायचं?"

पाचपैकी साडेतीन स्टार देते. एक नोटिशीसाठी कापला आणि अर्धा त्या पहिल्या सहीसाठी. दिव्यांचं म्हणाल तर पाचातले तीन लागलेत. उरलेल्या दोनाचा अर्ज लेखी दिलाय, पोच घेतलीय, २ ऑक्टोबरच्या विषयपत्रिकेत अकरा नंबरला आहे. आजींना घेऊन जाणार आहे, त्या म्हणाल्यात की जेवन करूनच येते, वाचून होईस्तवर बसायचंय ना.